पडसाद शोधायला कारंज्याला

नाताळच्या सुट्टीत मी वऱ्हाडात जाऊन आले म्हटल्यावर साताऱ्यातल्या आमच्या शेजारणींनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुणाचं लग्न होतं?" लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, मयत तर देवाच्या दयेनं नव्हतंच. "मग एवढ्या लांब कशाला गेलीस?" आता यांना काय सांगायचं, की मी एका शब्दापायी गेले होते म्हणून? तरी सांगितलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

झालं असं. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात 'पडसाद' हा शब्द आला आणि एका पोरीनं विचारलं, "बाई, साद म्हणजे हाक. मग पड म्हणजे काय? हाक पडते का?" मी ठोकून दिलं, "हो, डोंगरावर आपटते आणि खाली पडते." वर्ग खूश झाला, पण माझं मलाच ते पटेना. शिक्षकांच्या खोलीत विषय काढला तर आमचे संस्कृतचे सर म्हणाले, "प्रतिध्वनी हा खरा शब्द. पडसाद आपला गावठी." माझं डोकंच फिरलं. गावठी म्हणजे काय हो? त्याला आईबाप नाहीत? मी म्हटलं, आईबाप शोधून आणते, मग बोला.

पुण्याला बी.टी. करताना विमल माझ्या खोलीत राहायची. ती लग्न होऊन अकोला जिल्ह्यातल्या कारंज्याला, कापडाचं दुकान असलेल्या जैन घरात पडली होती. तिथल्या देवळांत प्राकृताच्या जुन्या पोथ्यांच्या पेट्याच्या पेट्या आहेत, हे तिच्याकडूनच ऐकलेलं. शिवाय तिच्या सासूबाईंनी कितीतरी वर्षं चालवलेल्या व्रताचं उद्यापन याच सुट्टीत होतं. म्हटलं, चला.

छोट्या गाडीनं

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली आणि छोट्या रुळांवरच्या छोट्या गाडीत बसले. दुष्काळाची वर्षं मागे पडली होती. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, वेचणीला आलेला कापूस, मधून तूर. आमच्याकडे नजर टाकली की कुठेतरी डोंगराला अडकते. इथे ती अडकतच नाही. मला पहिला दिवस उगाचच उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

स्टेशनवर विमल उभी. "ये वं कुमुद! किती वाळली तू! जेवाले देत नाही का तुले कोनी?" पुण्यात माझ्यासारखं बोलणारी ही बाई परत वऱ्हाडच्या मातीत आल्यावर पार वऱ्हाडी झाली होती. "मले, तुले" ऐकून मला हसू यायचं आणि माझं "मला, तुला" ऐकून घरातल्या मोलकरणीला. हिशेब सारखा झाला.

घरात शिरताच मी एक घोळ घातला. साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे सासूबाईंच्या हातावर ठेवले आणि पाठोपाठ मोठ्या ऐटीत डबा उघडला: शेंगदाण्याची चटणी, लसूण भरपूर घालून, माझ्या हातची. विमलनं कपाळाला हात लावला. "अवं बह्याड, जैनाच्या घरी लसून?" मी तोंड लपवायला जागा शोधत होते, पण घरमालक रतनभाऊ, म्हणजे विमलचे यजमान, हसत सुटले. डबा तसाच्या तसा शेजारी करीमचाचांकडे गेला. हे चाचा म्हणजे जरीकाम आणि भरतकाम करणारे कारागीर. त्यांचा निरोप आला, "और है क्या?"

रतनभाऊंची आई, सगळे तिला माय म्हणत. बारीक चणीची, स्वच्छ पांढऱ्या लुगड्यातली, हसरी. आणि ठार बहिरी. तिच्याशी बोलायचं म्हणजे सगळे ओरडायचे. सगळ्यांत मोठा आवाज रतनभाऊंचा. "माऽऽय! भात घे!" असं ते म्हणाले की रस्त्यावरच्या सायकलवाल्यालासुद्धा कळायचं, आज भात आहे. माय सगळ्याला मान डोलवायची. भात घे, हो. भात नको, हो. हळूहळू सगळ्यांनी विचारायचंच सोडून दिलं होतं, नुसतं वाढायचे.

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवलो. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे, ते वाटून केलेली आमटी, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. कांदा नाही, लसूण नाही, आणि चव अशी की मी तिसरी भाकर मागितली. आमच्याकडे साडेनवाला पानं घेतात. इथे साडेनवाला मला पुन्हा कडकडून भूक लागली आणि मी पाणी पिऊन झोपले.

घुमटाखाली

सकाळी मायबरोबर देवळात गेले. वेदीसमोर मोठा मंडप, वर उंच घुमट. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. माय थेट कोपऱ्यातल्या खांबामागे जाऊन बसली. मला वाटलं, काय ही जागा निवडली, इथून धड काही दिसतही नाही.

घुमटाच्या बरोबर खाली पंडितजी पोथी घेऊन बसले होते. त्यांनी एक ओळ वाचली आणि गप्प झाले. आवाज वर गेला, घुमला, फिरत राहिला, विरला. मग दुसरी ओळ. परत गप्प. मला शाळेची सवय, तास संपायच्या आत धडा संपवायचा. माझा जीव कासावीस झाला. शेजारच्या बाईला विचारलं, "थांबतात कशाला?" ती म्हणाली, "घुमटाले म्हनू द्या लागते न." इथली रीतच तशी. वाचणाऱ्यानं ओळ म्हणायची, मग घुमटानं म्हणायची, दोघांचं झालं की पुढे. घाई करणाऱ्याला या देवळात पोथीला हातही लावू देत नाहीत.

पंडितजी अर्थ सांगायला लागले. मध्येच काहीतरी गमतीचं बोलले आणि माय खुदकन हसली. मी चमकले. त्यांनी हळू आवाजात प्रश्न विचारला, "मग राजानं काय केलं असेल?" आणि माय पुटपुटली, "जाईन कुठं, आला परत."

बाप्पा! ही बाई बहिरी ना?

मी सरकत सरकत तिला खेटून बसले, तिच्या डोक्याला डोकं लावून. आणि काय सांगू! पंडितजी तिकडे मंडपाच्या मध्यात, पण त्यांचा शब्द न् शब्द माझ्या कानाशी येत होता, अगदी कुणी शेजारी बसून सांगावं तसा. थोडी लांब सरकले तर नुसताच घूंऽऽ. परत आले तर शब्द. मी तीनदा उठबस केली. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा थांबले. घुमट कुणी कसा बांधला कोण जाणे, पण त्याच्यावर आपटलेला आवाज गोळा होऊन नेमका त्या कोपऱ्यात उतरत होता.

सगळे उठल्यावर मी मायला तिथेच धरून ठेवलं. "माय, तुम्हाला ऐकू येतं?"

"इथं येते," ती शांतपणे म्हणाली. "घरी सारे ओरडतेत. नुसता आवाज येते, बोल येत नाही. इथं बोल येते."

"मग घरी सांगत का नाही?"

"काय सांगू? देवळात ऐकू येते अन् घरी येत नाही म्हनलं तर म्हनतीन, म्हातारी ढोंग करते." आणि माझा हात दाबून म्हणाली, "तू पन सांगू नको." मी कबूल केलं. कबूल करताना मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय!

त्या दिवशी माझंही काम झालं. पंडितजींना मी माझा शब्द सांगितला. ते हसले, आत गेले, एक पोथी सोडून आणली आणि बोट ठेवलं: पडिसद्द. "संस्कृतात प्रतिशब्द. प्राकृतात त्याचं पडिसद्द झालं. तुमच्या आमच्या तोंडी पडसाद. तुमी म्हणता तसं काही पडत नाही, बाई. हा पड म्हणजे प्रति. उलट, समोरून. पडछाया, पडजीभ, त्यातला तोच." मी पडजीभ शब्द जन्मभर वापरला, डॉक्टरला दाखवलीसुद्धा, आणि कधी विचार केला नव्हता! म्हणजे पडसाद म्हणजे समोरून आलेला शब्द, आपल्या बोलण्याला मिळालेलं बोलणं. आणि गावठी तर मुळीच नाही, चांगला हजारेक वर्षं लोकांच्या तोंडात फिरून गुळगुळीत झालेला. मला इतका आनंद झाला की मी पंडितजींना वाकून नमस्कार केला आणि पुढ्यातल्या चौरंगावर कपाळ आपटून घेतलं.

इंझोरीचं शेत

दुसऱ्या दिवशी रतनभाऊंनी सगळ्यांना बैलगाडीत घालून इंझोरीकडच्या शेतावर नेलं. हुरडा, गूळ, खोबरं, आणि संत्री इतकी की हातांना दोन दिवस वास. शेतातल्या बाया पाखरांना हाकलायला हाळी द्यायच्या आणि ती नाल्याच्या पलीकडच्या दरडीवरून परत यायची. मी एकीला विचारलं, "याला तुम्ही काय म्हणता?" ती म्हणाली, "घुमते. अजून काय म्हनाव? तुमच्याकडं घुमत नाही का?" मी म्हटलं, घुमतं ना. तिला माझी कीव आलेली स्पष्ट दिसत होती.

हुरडा खाता खाता रतनभाऊ माझ्याजवळ सरकले आणि आवाज बारीक करून बोलायला लागले. त्यांचा बारीक आवाज म्हणजे आपला साधा. "कुमुदताई, एक गंमत सांगतो. मायले मी काही बोललो नाही. उद्यापनाले देवळात काही तरी द्या लागते न? लोक ताट देतेत, समई देतेत. मी चंदोवा करून घेतला, वर बांधाचं छत, करीमचाचाकडून. लाल मखमल, भवताल जरी, मधात मोठं कमळ. पुरा घुमट झाकला जाईन! माह्या मायच्या नावाचा. ती खाली बसन अन् वर पाहीन."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मायनं त्यांना लहानपणापासून एकटीनं वाढवलेलं. दुकानाचं बस्तान बसेपर्यंत तिनं लोकांचे कपडे शिवले. तिच्या नावानं काही करायचं हे त्यांच्या मनात वर्षानुवर्षं होतं.

मी "वा वा" म्हणाले. आणि म्हणता म्हणता हातातला हुरडा परत खाली ठेवला. पूर्ण घुमट? मखमल? अहो, जाड कापडावर आवाज आपटतो कुठला! तो तिथेच जिरणार. मायचा कोपरा बंद. साऱ्या जगात जिथे तिला माणसाचा शब्द ऐकू येतो ती एकच जागा, आणि तिच्यावर तिचा पोरगाच मोठ्या हौसेनं मखमल टाकायला निघालेला. बरं, देवाला वाहिलेली वस्तू परत काढत नाहीत.

परतल्यावर मी करीमचाचांकडे चंदोवा बघायला गेले. खोलीभर पसरलेला. चाचा म्हणाले, "बाई, लसून की चटनी क्या बनाई तुमने! आन् ये देखो, नीचे बैठेंगे तो लगेगा लाल आसमान." खरंच देखणा होता हो. इतका देखणा नसता तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

सकाळी देवळात, त्या कोपऱ्यात, मी मायला सांगून टाकलं. ती म्हणाली, "ठावूक हाये. चाचाच्या ओट्यावर मखमल पाह्यली तवाच समजलं."

"मग बोला की! उद्यापन परवावर आलं!"

"त्याचा जीव हाये त्याच्यात. लेकरू माह्या नावानं काही देऊन राह्यलं अन् मी नको म्हनू? त्याच्यापेक्षा नाही ऐकू आलं तं काय बिघडलं? लय ऐकलं." मी चिडले, तिच्याशी भांडले, देवळात. ती नुसती माझ्या गालावरून हात फिरवत राहिली. अशा बायकांशी भांडता येत नाही, फार राग येतो.

मंगरूळपीरची एसटी

विमलला बांगड्या भरायच्या होत्या म्हणून आम्ही मंगरूळपीरला गेलो. दर्ग्याजवळची बांगड्यांची दुकानं, गरम भजी, बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग, सगळं पाहिलं, पण माझं लक्ष कशात नव्हतं. बांगडीवालीनं हात दाबला तरी मी ओरडले नाही, यावरून काय ते समजा.

परतीच्या एसटीत माझ्यानं राहवेना. म्हटलं, शब्द दिलाय तो घरी न सांगण्याचा. एसटी म्हणजे काही घर नव्हे. सांगितलं. पण खिडक्यांचा खडखडाट असा की ओरडून सांगावं लागलं आणि पुढच्या चार बाकांनी माना वळवल्या.

विमल उसळलीच. "मायले ऐकू येते? अन् मी लग्न झाल्यापासून घसा फोडून राह्यली!" मग रडायला लागली. "पन ह्यांले सांगू कसं वं? दिवाळीपासून एकच घोकून राह्यले, चंदोवा चंदोवा. मी म्हनलं तं म्हनतीन, तुले खर्च दुखते. माय तं मान्यच करनार नाही."

पुढच्या बाकावर एक वृद्ध मुसलमान गृहस्थ होते, दर्ग्याहून परतणारे. ते मागे वळून म्हणाले, "बेटी, माफ करना, सुना सबने. सांगू नका. उसको वहाँ बिठाव, माँ की जगह पे. कान है ना उसको?"

विमलनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. सगळी एसटी आमच्याकडे पाहत होती. कंडक्टरसुद्धा म्हणाला, "बराबर बोलले चाचा."

चंदोवा

उद्यापनाच्या आदल्या दुपारी देऊळ रिकामं होतं. बांबू उभे केलेले, चाचा शिडीवर, दोन गडी दोऱ्या धरून. मखमलीची एक बाजू वर बांधून झाली होती, दुसरी अजून खाली लोंबत होती. पंडितजी मध्यभागी पोथी उघडण्याच्या तयारीत, कारण विमलनं त्यांना विनवलं होतं की चार ओळी वाचा. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी मायच्या जागेवर बसून पाहा न. तिले कसा दिसन ते तं समजन." रतनभाऊ आनंदानं खांबामागे जाऊन बसले. आम्ही दोघी पलीकडच्या भिंतीशी.

पंडितजींनी ओळ म्हणायच्या आत दारातून माय आली. एकटीच. तिनं आम्हांला पाहिलं नाही. पंडितजींना हात जोडून ती घुमटाखाली येऊन उभी राहिली आणि रोजच्यासारखी देवाशी पुटपुटायला लागली. पंडितजी पोथी मिटून बाजूला झाले. आम्हांला नुसती घूंऽऽ ऐकू येत होती. पण मी रतनभाऊंचं तोंड बघत होते. आधी ते दचकले, कोण बोललं म्हणून शेजारी पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि हळूहळू चेहरा असा उतरला की मला बघवेना. तिचे शब्द त्यांनी नंतर विमलला सांगितले. ती म्हणत होती, "देवा, उद्यापासून मले इथंही कोनाचा बोल ऐकू येनार नाही. जाऊ दे. पन माह्या रतनले हे कवाच समजू देऊ नको. लय हौसेनं केलं त्यानं. दिवसभर माह्याशी ओरडते बिचारा, त्याचा घसा सांभाळ..."

एवढ्यात गड्यांनी दोरी ओढली, मखमल वर गेली आणि घुमट झाकला गेला. मायचे ओठ हलत होते. रतनभाऊंनी कान पुढे केला, मान वाकडी केली. काही नाही.

"खाली घ्या!" ते उठून खांबापुढे आले. "चाचा, खाली घ्या!"

"क्या हुआ सेठ? टेढ़ा लगा?"

"नाही चाचा. लय सुंदर हाये. पन इथं नको."

मखमल खाली आली. पंडितजी म्हणाले, "वाहायचा संकल्प झाला, रतनभाऊ. आता घरी नेता येत नाही."

"घरी कोन नेऊन राह्यलं? वेदीवर बांधा. देवाच्या डोक्यावर."

"वेदी कितनी, ये कितना!" चाचा शिडीवरूनच कळवळले. "माझी जरी दुमडू का मी?" पण उतरले, वेदीपाशी गेले, हातानं माप घेतलं, दोनदा घेतलं, बडबडले, आणि म्हणाले की चारी बाजू आत वळवल्या तर कमळ बरोबर मधे येतं, बघा. विमल माझा हात धरून रडत होती आणि हसत होती.

मायला मात्र काही उमगेना. ती उघड्या घुमटाखाली एकटी उभी, शिडीकडे बघत, मखमलीकडे बघत. तेव्हा रतनभाऊ परत त्याच कोपऱ्यात, तिच्या जागेवर, जाऊन उभे राहिले. त्यांना काय काय सांगायचं होतं कुणास ठाऊक. पण जन्माची सवय! दोन्ही हात तोंडाशी धरले आणि देऊळ हादरेल असे ओरडले, "माऽऽय! तुह्यासाठी..."

माय दोन्ही कानांवर हात ठेवून गर्रकन वळली.

"अरे हळू बोल न! ओरडून काहून राह्यला? मी का बहिरी हाओ?"